‘जर’ लावायचा नाही

खुशबूच्या तोंडाला कुलूप नाही, हे अख्ख्या पवनीला माहीत होतं. त्यात यंदा वक्तृत्व स्पर्धेत ती तालुक्यात पहिली आली. मग काय, विचारूच नका. दुकानात साखर मागितली तरी वाटायचं, आता ही टेबलावर चढून दोन शब्द बोलणार. त्यामुळे घोटाळा झाला तो तिच्याच तोंडानं झाला, हे सांगायची गरज नाही.

चर्चच्या मागच्या टिनाच्या शेडमध्ये केवळराम मास्तरांचा वर्ग चालू होता. पुढच्या रविवारी बिशप येणार होते. ज्यांचा बाप्तिस्मा तान्हेपणी झाला, त्यांच्या वतीनं तेव्हा आईबाप ‘हो’ म्हणाले होते. आता पोरांनी स्वतःच्या तोंडानं ‘हो’ म्हणायचं, बिशपनं कपाळाला सुगंधी तेल लावायचं, म्हणजे दृढीकरण झालं. रीतानं, म्हणजे खुशबूच्या आईनं, त्यासाठी पांढरं कापड आणून मशीनवर घेतलंही होतं. सगळ्या गल्लीचे ब्लाउज बाजूला ठेवून ती पोरीचा ड्रेस शिवत बसली होती.

“आता सांगा,” मास्तर म्हणाले, “लेकरू मरणाच्या दारात हाय, अन् फादर दूर हायेत. तवा बाप्तिस्मा कोण देऊ शकते?”

पोरं एकमेकांकडे पाहू लागली.

“कोणीही! हिंदू असो, मुसलमान असो, कोणीही. फक्त तीन गोष्टी पायजे. पाणी, बरोबर शब्द, अन् चर्चले जे करायचं हाय तेच करायचं मन.”

“मास्तर, मी!” खुशबू उभीच राहिली. “माहाच तसा झाला हाय!”

आणि तिनं गोष्ट सुरू केली. घरात हजारदा सांगितलेली, पाहुण्यांपुढे चहाबरोबर येणारी गोष्ट. रीता बाळंतपणाला दिघोरीला माहेरी गेली होती. धानाच्या रोवणीचे दिवस. सारं गाव बांधीत, चिखलात. दिवस भरायच्या आधीच पोट दुखायला लागलं. आजोबा गाडी शोधायला पळाले अन् घरात रीता एकटी. शेजारच्या सत्यभामाबाई तेवढ्या धावत आल्या, हाताला चिखल तसाच. पोरगी झाली, पण रडेना. निळी पडली. रीताला लहानपणी शिकवलेलं आठवलं. ती म्हणाली, मावशी, पितळी गुंडातलं पाणी घ्या, हिच्या डोक्यावर ओता, अन् मी सांगते तसं म्हणा. पित्याच्या, पुत्राच्या अन् पवित्र आत्म्याच्या नावानं मी तुले बाप्तिस्मा देते.

“अन् सत्यभामा आजीनं काय म्हटलं माहीत हाय?” खुशबूनं कंबरेवर हात ठेवून आजीचा आवाज काढला. “‘बापाच्या, लेकाच्या, अन् पवित्र जिवाच्या नावानं!’ आत्म्याचं नावच नाही घेतलं. मेलेल्याचा आत्मा असते ना, म्हणून! निळ्या पडलेल्या लेकराजवळ आत्म्याले कोण बोलावते? अन् मी अशी रडली, अशी रडली, का बांधीतल्या बाया रोवणं सोडून आल्या!”

शेडमध्ये हशा पिकला. एक पोरगं तर बाकावरून खाली पडलं. हसले नाहीत फक्त केवळराम मास्तर.

“पुन्हा सांग,” ते म्हणाले. “काय म्हटलं त्या बाईनं? जिवाच्या?”

तेव्हा कुठे खुशबूच्या लक्षात आलं, की आपण टाळ्यांसाठी उभे राहिलो आणि आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला.

दुसऱ्याच दिवशी फादर चंद्रकुमार घरी आले. फादर तरणे होते, छत्तीसगडचे. मराठी शिकून राहिले होते, पण वाक्य अर्धं झालं की हिंदीत घसरायचे. त्यांनी चहा घेतला, ड्रेसचं कौतुक केलं आणि मग कप खाली ठेवला.

“रीताताई, हे पहा. जुन्या फादरनी तेव्हा काही विचारलं नाही. तुम्ही म्हणालात पाणी घातलं, त्यांनी बाकीचा विधी पुरा केला. तेल, मेणबत्ती, पांढरं वस्त्र. लेकिन पाणी आणि शब्द, तेच तर मूळ आहे. शब्द बदलला, तर शंका आली. बाप्तिस्मा पक्का नाही तर पुढचं काहीच पक्कं नाही. दृढीकरण नाही, आतापर्यंत घेतलेला ख्रिस्तप्रसादही नाही.”

रीताचा हात मशीनच्या चाकावरच थांबला. “म्हणजे माही पोरगी इतके वर्ष...”

“घाबरू नका. उपाय आहे. शंका असली तर चर्चमध्ये सशर्त बाप्तिस्मा देतात. दोन मिनिटं. मी पाणी घालीन आणि म्हणीन, ‘जर तुझा बाप्तिस्मा झाला नसेल, तर मी तुला बाप्तिस्मा देतो.’ झाला असेल तर झालाच. नसेल तर होऊन जाईल. कोणाचं नुकसान नाही.”

“नुकसान कसं नाही?” खुशबू दारातून बोलली. “फादर, ‘जर’ म्हणजे काय? जर म्हणजे सत्यभामा आजीनं जे केलं ते खरं की खोटं, माहीत नाही. असंच ना?”

“खुशबू, चूप,” रीता म्हणाली.

“नाही, बोलू द्या,” फादर म्हणाले. “माहीत नाही, हे खरंच आहे. म्हणून तर जर.”

“मले माहीत हाय,” खुशबू म्हणाली. “मी तिथंच होती.”

फादरना हसू आलं, पण ते हसले नाहीत. म्हणाले, “ठीक. चल, त्यांनाच विचारू.”

फादरच्या जुन्या बोलेरोत बसून खुशबू आणि ते दिघोरीला गेले. सत्यभामाबाई अंगणात लाखोळीची डाळ पाखडत होत्या. त्यांचे यजमान भय्याजी खाटेवर रेडिओशी झटापट करत होते. फादरचा पांढरा झगा पाहून म्हातारे उठून बसले.

“आजी,” फादर नम्रपणे म्हणाले, “हिच्या जन्माच्या वेळी तुम्ही काय म्हणालात, ते जरा सांगता का?”

“आता ते काय सांगाचं बाप्पा! रीता म्हणे तसं म्हटलं. बापाच्या, लेकाच्या, अन् पवित्र जिवाच्या.”

“तिनं तर आत्मा म्हटलं होतं ना?”

“म्हटलं व्हतं. पण तुमीच सांगा, पोरगी निळी पडली, श्वास नाही. त्या टायमाले आत्म्याचं नाव काढा लागते का? आमच्याकडं आत्मा म्हंजे गेलेला माणूस. त्याले बोलावलं अन् तो पोरीलेच संगं घेऊन गेला असता त?”

“आणि तुमच्या मनात काय होतं तेव्हा?”

“मनात काय राहते? रीताच्या देवाच्या पद्धतीनं पोरीले नाव लावाचं व्हतं. ते लावलं. माह्या देवाले मंग घरी येऊन नारळ फोडला, तो येगळा.”

भय्याजींना आता विषय कळला. “पण फादर, हे असे तुमच्यात किती संस्कार असतात?”

“सात,” फादर म्हणाले.

“सातच? आमच्यात सोळा हायेत!” भय्याजी असे खूश झाले, जसा काही सामनाच जिंकला.

“अन् माह्या बाबाच्या चर्चमध्ये दोनच,” खुशबू म्हणाली. “अन् कैलाशकाकाच्या मंडळीत एकही नाही. ते म्हणतात, संस्कार म्हणाचंच नाही, आज्ञापालन म्हणाचं.”

“मंग त्याइचं लवकर आटपत असंन,” भय्याजी म्हणाले.

फादर हसले, पण निघताना गाडीपाशी थांबले. त्यांनी सत्यभामाबाईंना सशर्त बाप्तिस्म्याचं सांगितलं. बाईंनी सूप खाली ठेवलं.

“घाला ना पुन्हा पाणी. पाण्याची का कमी हाय.” मग जरा थांबून म्हणाल्या, “पण म्हंजे त्या दिवशी माह्या हातानं झालं नाही म्हंता?”

“तसं नाही. जर झालं नसेल तर...”

“जर,” सत्यभामाबाईंनी तो शब्द घोळवला, पेजेत खडा लागावा तसा. “बरं बाप्पा. तुमचं तुमाले ठाव.” आणि सूप उचलून त्या पुन्हा पाखडू लागल्या. पण आता डाळ जास्तच उंच उडत होती.

परतताना खुशबू खिडकीबाहेरची झाडं मोजत बसली. तिच्या बाबतीत हे गंभीर लक्षण. लाखांदूर मागे पडल्यावर तिनं तोंड उघडलं.

“फादर, येशू मराठी बोलायचा का?”

“नाही.”

“मग आत्मा हा शब्द त्याचा नाही. कोणीतरी आपल्याले समजावं म्हणून निवडला. सत्यभामा आजीनंही तेच केलं. तिले आत्मा म्हटलं की मेलेला दिसते, अन् जीव म्हटलं की जगवणारा. मग बरोबर कोणतं?”

फादर रस्त्याकडे पाहत म्हणाले, “तू हुशार आहेस. पण ऐक. शब्द पक्के ठेवले, ते कोणाला कमी लेखायला नाही. उद्या कोणी काहीही म्हणेल आणि सांगेल, हाच बाप्तिस्मा. भिलाईची आई आणि पवनीची आई, दोघींच्या लेकरांना एकच मिळायला पाहिजे. म्हणून शब्द एक. मी माझ्या मनानं तो सैल करू शकत नाही. मला वाटलं तरी.”

“म्हणजे तुमाले वाटते!”

 फादरनी गिअर बदलला.

खुशबूला राग यायला पाहिजे होता, पण फादरचा नीट राग येईना. हा माणूस खोटं बोलत नव्हता, हीच तर पंचाईत होती.

घरी पंचायत भरलेली. तुमसरहून कैलाशकाका आले होते. काका राईस मिलमध्ये मुकादम, आणि आता नव्या मंडळीत ‘वडील’, म्हणजे कारभारी. रविवारी वैनगंगेत त्यांच्या मंडळीचा बाप्तिस्मा होता, त्यासाठी ते जागा पाहायला आले होते. खुशबूचे बाबा प्रविण, आडनावापेक्षा जास्त ‘तांदळाच्या गाडीवाले’ म्हणून ओळखले जाणारे, भाकरी मोडत ऐकत होते.

“मी त पहिलेपासून सांगून राहिलो,” काका म्हणाले. “तान्ह्या लेकराच्या डोक्यावर पाणी शिंपणं म्हंजे झोपलेल्या माणसाचं लगन लावणं. उठल्यावर तो म्हणन, ही बायको कोणाची? खुशबू, तू आता समजदार झाली. चाल रविवारी नदीवर. पूर्ण बुड, वर निघ. ना जर, ना तर, ना जीव, ना आत्मा. सारा झगडा पाण्यात.”

“काका, तुमचं म्हणणं असं ना, की बाप्तिस्मा माणसानं स्वतः निवडला पायजे?”

“बिलकुल.”

“मग मी निवडला.” खुशबू त्यांच्यासमोर मांडी घालून बसली. “समजून उमजून, पूर्ण शुद्धीत. मीनं हाच निवडला, दिघोरीचा, गुंडातल्या पाण्याचा. आता बोला.”

काकांचा घास हातातच राहिला. “अरे, असं नसते ना बाप्पा!”

“काहून नसते?”

प्रविण हसायला लागला. “कैलाश, तिच्या नादी नको लागू, तालुक्यात पहिली आली हाय ते.” मग पोरीकडे वळून तो समजुतीनं म्हणाला, “बेटा, एक सोपं सांगू? माह्या भंडाऱ्याच्या जुन्या चर्चमध्ये दृढीकरण घे. तिथंही बिशपच हात ठेवतात डोक्यावर. तिथं पाणी कोणी घातलं, हे कोणी विचारत नाही.”

“विचारत नाही, की आपण सांगाचं नाही?”

प्रविणनं भाकरीकडे पाहिलं. “सांगाची काय गरज हाय?”

“मग ते लपवणंच झालं ना बाबा! फादर म्हणतात जर, काका म्हणतात झालाच नाही, अन् तुमी म्हणता चूप राहा. सारे वेगळे चर्च, अन् साऱ्याइनं मिळून आजीलेच पुसून टाकलं!”

 रीता उठून मशीनवर गेली. ड्रेसच्या गळ्याशी फक्त काठ लावायचा राहिला होता. विषय बदलायचा म्हणून ती म्हणाली, “काठाले सोनेरी जर लावू का थोडा? चमकन.”

“जर नाही लावायचा!” खुशबू ओरडली, “कुठंच नाही!”

आधी काका फिसकन हसले, मग बाबा, मग स्वतः खुशबू. हसून हसून डोळ्यांत पाणी आलं. ते हसण्याचंच होतं का, तिला सांगता आलं नसतं. हे दृढीकरण तिला हवं होतं. खूप हवं होतं. वर्षभर ती मास्तरांच्या वर्गाला गेली होती. सगळ्या मैत्रिणी रांगेत असतील, बिशपच्या अंगठ्याचं तेल कपाळावर चमकेल, आणि ती? दोन मिनिटांचं काम, फादर म्हणाले होते. डोळे मिटून घ्यायचे, दोन मिनिटं.

काका गेल्यावर रीता तिच्याजवळ येऊन बसली.

“तू हट्ट करून राहिली,” ती म्हणाली. “करून घे ना. म्हणू दे त्याइले जर. तुह्या मनात त तू जाणतेच.”

“आई, एक सांग. आजी जीव म्हणाली, ते तेव्हा तुले ऐकू आलं होतं?”

“आलं ना.”

“मग टोकलं काहून नाही? पुन्हा म्हणा, आत्मा म्हणा, असं सांगता आलं असतं.”

रीता हातातला दोरा बोटाला गुंडाळत राहिली. “माह्या पुढ्यात तू निळी पडून होती. मले तवा आत्मा नको होता खुशबू. जीवच पायजे होता. मावशीच्या तोंडून तो शब्द निघाला, अन् मले वाटलं, देवानंच त्याइच्या तोंडात घातला. म्हणून मी आमेन म्हटलं.”

“तू आमेन म्हटलं होतं?” ही गोष्ट घरात हजारदा सांगितली गेली होती, पण हे कधी कोणी सांगितलं नव्हतं.

“मग? नुसती पडून राहिली असन का मी?”

खुशबूनं आईच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि तिथूनच म्हणाली, “झालं तर मग. आमेन म्हटल्यावर मागून जर लावत नसते.”

 रीता मशीनवर बसली आणि काठ शिवला, साधा पांढरा.

दुसऱ्या दिवशी सकाळी खुशबू फादरकडे गेली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, “फादर, मी सशर्त घेणार नाही.”

“मग मी तुला रांगेत घेऊ शकत नाही. समजतंय ना?”

“समजते.”

“तुला वाईट वाटेल.”

“वाटेल. पण येणार मी. ड्रेस घालून.”

फादरनी चष्मा काढून पुसला. “मी बिशपांना सगळं लिहिलं आहे. उत्तर यायला वेळ लागेल. कदाचित वर्ष. कदाचित तेही जरच म्हणतील.”

“म्हणू द्या,” खुशबू म्हणाली. “मीही तोवर ‘झालाच हाय’ म्हणीन.”

रविवारी चर्च गच्च भरलं. समोरच्या बाकांवर दृढीकरणाची पोरंपोरी, पांढऱ्याशुभ्र, केसांना तेल चोपडलेली. तिसऱ्या रांगेत पांढऱ्याच ड्रेसमध्ये खुशबू, एका बाजूला रीता आणि प्रविण, दुसऱ्या बाजूला दिघोरीहून पहिल्या बसनं आलेल्या सत्यभामाबाई. त्यांना खुशबूनंच फोन करून बोलावलं होतं. बाईंनी लुगड्याचा पदर डोक्यावर घट्ट ओढला होता आणि आजूबाजूच्या बाया जे करतील ते अर्धा सेकंद उशिरा करत होत्या.

मैत्रिणी मागे वळून पाहत. एक जण कुजबुजली, “अवो, इकडे ये ना, जागा हाय.” खुशबूनं मानेनंच नाही म्हटलं.  

बिशप म्हातारे होते, पण आवाज खणखणीत. प्रवचन संपवून ते उभे राहिले. “आता बाप्तिस्म्याची वचनं नव्यानं द्यायची आहेत. उमेदवारांनी उभं राहावं.”

समोरचे बाक उठले. आणि तिसऱ्या रांगेत खुशबू उठली.

केवळराम मास्तरांनी बाजूच्या भिंतीपासून हातानं खुणा केल्या. बस, बस. खुशबूनं त्यांच्याकडे पाहिलं, ओळखीचं हसली आणि उभीच राहिली. मास्तरांनी फादरकडे पाहिलं. फादर चंद्रकुमार वेदीपाशी बिशपच्या शेजारी पुस्तक धरून उभे होते. त्यांनी खुशबूला पाहिलं होतं. त्यांनी पुस्तकाचं पान उलटलं.

“तुम्ही सैतानाचा आणि त्याच्या सर्व कामांचा त्याग करता का?”

“हो, करतो,” समोरची पोरं पुटपुटली.

“हो, करते!” मागून आवाज आला. वक्तृत्वाचा आवाज. शेवटच्या बाकापर्यंत, खिडकीबाहेरच्या कडुनिंबापर्यंत गेला.

बिशपनी मान वर केली. चर्चमधली सगळी डोकी मागे वळली. रीतानं डोळे मिटले, पण पोरीचा ड्रेस ओढला नाही.

“मागे कोण उभं आहे?” बिशपनी विचारलं.

“मी खुशबू. रांगेत नाही मी. पण माझा बाप्तिस्मा झालेला आहे.” तिनं सत्यभामाबाईंच्या खांद्यावर हात ठेवला. “वचन माझंही आहे. ते द्यायले उभी हाय.”

फादर बिशपच्या कानाशी वाकले आणि थोडं काही बोलले. बिशप ऐकत राहिले. त्यांची नजर खुशबूवरून शेजारच्या लुगड्यावर गेली, तिथं जरा थांबली आणि परत पुस्तकावर आली.

“तेल मी तिला लावू शकत नाही,” ते फादरना म्हणाले, हळू, पण माईक चालू होता. “पण हो म्हणणाऱ्याला बस म्हणायचं, असं या पुस्तकात कुठं लिहिलेलं नाही.” आणि त्यांनी पुढचा प्रश्न विचारला. “स्वर्ग आणि पृथ्वी निर्माण करणाऱ्या पित्यावर तुमची श्रद्धा आहे का?”

“आहे!”

या वेळी समोरची पोरंही जोरात बोलली. मागच्या आवाजापुढे पुटपुटायची त्यांना लाज वाटली असावी. प्रत्येक प्रश्नाला उत्तर वाढत गेलं, चर्चचं छत दणाणलं.

मग रांग पुढे सरकली. एकेकाच्या कपाळाला बिशपचा अंगठा लागत होता, सुगंध मागच्या बाकांपर्यंत येत होता. मैत्रिणी चमकत्या कपाळांनी परत येऊन बसत होत्या. खुशबूचे डोळे भरून आले. तिनं ते पुसले नाहीत आणि लपवलेही नाहीत. बाकी सगळे बसले होते. ती एकटी उभी.

सत्यभामाबाईंनी तिच्या ओढणीचं टोक ओढलं आणि त्यांना वाटलं तेवढ्या हळू आवाजात, म्हणजे चार बाकांना ऐकू जाईल असं, विचारलं, “पोरी, साऱ्या बसल्या ना वो. आता तरी बसते का?”

“नाही,” खुशबू म्हणाली.